घरातल्या पाच फोनांचा हिशेब

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



पूर्वी घरात माणसं किती, हे सांगायला एकच कागद पुरायचा. रेशनकार्ड. वर कुटुंबप्रमुखाचं नाव, खाली बाकीच्यांची यादी, प्रत्येकाचं वय आणि शेवटी युनिट किती ते. त्या युनिटांवर साखर मिळायची, रॉकेल मिळायचं. एकदा पिशवी घरी आली की कुणी किती साखर खाल्ली हे दुकानदार विचारायला येत नसे. ते ज्याच्या त्याच्या घरानं ठरवायचं. आजोबांना साखर वर्ज्य असली तर त्यांच्या वाट्याची साखर नातवाच्या दुधात जायची.

आज मोबाइल कंपन्या 'फॅमिली प्लॅन' म्हणून जे विकतात, त्याची जात मला या रेशनकार्डाचीच वाटते. एक मुख्य नंबर, त्याला जोडलेले दोन-तीन नंबर, सगळ्यांत मिळून डेटाचा एक साठा आणि महिन्याला एकच बिल. फरक इतकाच, की रेशनकार्ड सरकार द्यायचं आणि हा प्लॅन आपल्याला शोधावा लागतो. तो शोधायचा कसा, याविषयी आज बोलायचं आहे.

मी कविता लिहितो, हे तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल. माझा जन्म तारापूर गावातला, बीए झालो पालघरच्या कॉलेजातून आणि नोकरी केली बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत, हजेरीपटाची आणि पगारपत्रकाची. कवितेनं शब्द मोजायची सवय लावली, नोकरीनं पैसे. फोनच्या हिशेबाला या दोन्ही सवयी उपयोगी पडतात. कारण जाहिरातीत शब्द फार असतात आणि पैसे बारीक अक्षरांत असतात.

आधी थोडं मागे जाऊ. नव्वदच्या दशकात बोईसर स्टेशनबाहेर पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ होते. रात्री अकरानंतर ट्रंकचा दर पाव व्हायचा आणि आमच्याकडच्या कारखान्यांची दुसरी पाळीही अकरालाच सुटायची. उत्तर प्रदेश, बिहार, ओरिसातून आलेले कामगार डबा हातात घेऊन तसेच बूथवर रांग लावायचे. गावाकडे फोन असायचा एखाद्या वाण्याच्या दुकानात. माणूस आधी एक फोन करून सांगायचा, 'आमच्या घरी निरोप द्या, दहा मिनिटांत परत करतो.' मग काचेच्या पेटीत उभं राहून, समोरच्या लाल आकड्यांवर नजर ठेवून तो आईशी बोलायचा. त्या काळात एका फोनवर अख्खं गाव जगत होतं. शेअरिंग आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही.

भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. सुरुवातीची काही वर्षं फोन उचलायलाही पैसे पडायचे. २००३ साली येणारे कॉल फुकट झाले आणि मोबाइल खऱ्या अर्थानं रिक्षावाल्याच्या आणि मासळीवालीच्या हातात आला. तेव्हा आपण मिस कॉलची एक भाषाच तयार केली होती. एक रिंग म्हणजे गाडी पालघरला आली, दोन रिंगा म्हणजे उमरोळी गेलं, भात टाका. त्या भाषेला व्याकरण नव्हतं, पण चूक कधी व्हायची नाही.

२००५ च्या शेवटी 'लाइफटाइम' योजना आल्या. ९९९ रुपये एकदा भरा आणि येणारे कॉल आयुष्यभर घ्या. आमच्या अम्मीला मी असाच एक नंबर घेऊन दिला होता. तिनं तेव्हा विचारलं होतं, 'आयुष्यभर म्हणजे कुणाचं आयुष्य? माझं की कंपनीचं?' तिचा प्रश्न अगदी रास्त निघाला. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि डेटाचे दर कोसळले. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार २०१४ साली एका जीबीला सरासरी २६९ रुपये पडत होते, ते २०१८ साली बारा रुपयांच्या आत आले. डेटा स्वस्त झाला, पण त्याच सुमारास एक वेगळी गोष्ट घडली. २०१८ च्या अखेरीपासून काही कंपन्यांनी दरमहा किमान ३५ रुपयांचं रिचार्ज मागायला सुरुवात केली. ते न केल्यास काही दिवसांनी येणारे कॉलही बंद. नंतर २०१९ चा डिसेंबर, २०२१ चा नोव्हेंबर आणि २०२४ चा जुलै अशा तीन मोठ्या दरवाढी झाल्या. ज्याला डेटा हवा त्याला आजही तो जगाच्या मानानं स्वस्त पडतो. पण ज्याला फक्त 'हॅलो, कोण?' एवढंच म्हणायचं आहे, त्याचा खर्च वाढला.

आता घरचा हिशेब मांडतो. आम्ही चौघं बोईसरला राहतो. मी, पत्नी, मुलगा आणि मुलगी. अम्मी तारापूरला माझ्या धाकट्या भावाकडे असते. भाऊ रिक्षा चालवतो, त्याचा फोन तो स्वतः बघतो. म्हणजे माझ्या वहीत पाच फोन.

पाचही फोनांना एकच पॅक मारायचा ठरवलं तर काय होतं, ते आधी पाहू. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर दिवसाला दीड जीबीचा, २८ दिवसांचा जिओचा पॅक २९९ रुपयांना झाला. इथं पहिली गोम आहे. २८ दिवस म्हणजे महिना नव्हे. वर्षाला बारा नाही, तेरा रिचार्ज लागतात. २९९ गुणिले १३ म्हणजे ३,८८७ रुपये आणि पाच फोनांचे १९,४३५. या तेराव्या रिचार्जविषयी लोकांनी इतक्या तक्रारी केल्या, की जानेवारी २०२२ मध्ये ट्रायनं आदेश काढला. प्रत्येक कंपनीनं निदान एक पॅक तीस दिवसांचा आणि एक पॅक दर महिन्याच्या त्याच तारखेला संपणारा ठेवलाच पाहिजे. दुकानदार तो आपणहून सांगेलच असं नाही. विचारावा लागतो.

दुसरी गोम डेटाची. दिवसाला दीड जीबी म्हणजे २८ दिवसांत ४२ जीबी आणि पाच फोनांचे २१० जीबी. हा डेटा रोज रात्री बारा वाजता शिळा होतो आणि टाकून दिला जातो. आमच्या मुलाचं उदाहरण घ्या. तो रसायनाच्या कारखान्यात कंत्राटी कामाला आहे. तिथं फोन फाटकावरच जमा करावा लागतो. आत ज्वलनशील द्रव्यं असतात, ठिणगीचं निमित्त नको. बारा तास फोन कपाटात आणि घरी आल्यावर हा झोपेत. सोमवार ते शनिवार त्याचा डेटा जवळजवळ तसाच मरतो आणि रविवारी सामना बघताना दुपारीच संपतो. अशा माणसाला रोजचा शिधा नको, महिन्याचं पोतं हवं.

म्हणून मी घरात सांगितलं, की प्लॅन बघण्याआधी आपापला वापर बघा. प्रत्येक स्मार्टफोनच्या सेटिंगमध्ये महिन्यात किती डेटा गेला हे दिसतं. तेवढं वहीत लिहिलं. माझा सहा जीबी. त्यातले बरेचसे आमच्या कवींच्या गटांवर सकाळी सहापासून येणाऱ्या 'सुप्रभात'च्या फुलांनी खाल्लेले. पत्नी शिवणकाम करते, ब्लाउजच्या गळ्यांचे नमुने ती फोनवर बघते. तिचा तेरा. मुलाचा बावीस. मुलगी पालघरला कॉलेजात आहे, तिची व्याख्यानं आणि परीक्षेची तयारी फोनवरच, तिचा अडतीस. आणि अम्मीचा शून्य. तिच्याकडे बटणांचा फोन आहे. बेरीज झाली ७९ जीबी. २१० पैकी ७९. उरलेल्या १३१ जीबीचे पैसे भरायचे आणि रोज मध्यरात्री ते वाऱ्यावर सोडायचे, असा हा व्यवहार.

आता सामायिक डेटाचा प्लॅन. तो बहुतेक पोस्टपेडमध्ये मिळतो, म्हणजे आधी वापर, मग बिल. त्याच जुलै २०२४ मध्ये जिओचा असा प्लॅन ४४९ रुपयांना होता. त्यात ७५ जीबी, वर तीन नंबरांपर्यंत जोडणी, प्रत्येक जोडणीला महिना १५० रुपये आणि पाच जीबी जास्त. एअरटेल आणि व्होडाफोन-आयडियाचेही असे प्लॅन आहेत, कमीअधिक दरांत. मी फक्त उदाहरणापुरता एक घेतो. दर बदलत असतात, त्यामुळे तुम्ही करताना त्या दिवसाचा दर बघून आकडे बदला. रीत तीच राहील.

चौघांचे झाले ४४९ अधिक ४५०, म्हणजे ८९९. इथं तिसरी गोम. प्रीपेडच्या किमतीत कर आधीच धरलेला असतो. पोस्टपेडच्या जाहिरातीत तो नसतो. १८ टक्के जीएसटी वर पडतो. म्हणजे ८९९ चे होतात साधारण १,०६१ रुपये. बारा महिन्यांचे १२,७३०. ही बेरीज न करता दोन जाहिराती शेजारी शेजारी ठेवल्या तर तुलना चुकते. एक किंमत साल काढलेली आणि दुसरी सालासकट, असं ते आहे.

या १२,७३० मध्ये अम्मी नाही. आणि खरं सांगायचं तर आमच्या घरातली चर्चा अडली ती अम्मीपाशीच.

भावाच्या घरी सगळे बसलो होतो. वही बघून अम्मी म्हणाली, 'बेटा, माझा फोन बंद करून टाक. मला कोण फोन करतं? तेवढेच पैसे पोरीच्या पुस्तकांना होतील.' घरात काटकसरीची गोष्ट निघाली की सर्वांत आधी आपलं ताट मागे सारणारी एक व्यक्ती प्रत्येक घरात असते. हिशेबाच्या वहीत त्या व्यक्तीचा वापर शून्य दिसतो, म्हणून ती कापायला सोपीही असते. पण शून्य तिचा डेटा आहे. फोन शून्य नाही.

आमचा भाग कसा आहे ते इथले श्रोते जाणतात. एका बाजूला अणुऊर्जा केंद्र, १९६९ पासूनचं. दुसऱ्या बाजूला औद्योगिक वसाहत, तिथं रसायनाचे कारखाने. ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी वसाहतीतल्या एका कारखान्यात स्फोट झाला आणि आठ माणसं गेली. आवाज कित्येक किलोमीटरवर ऐकू गेला. अशा वेळी या पट्ट्यातल्या प्रत्येक घरात एकच गोष्ट होते. ज्याचं माणूस कामावर आहे तो फोन लावतो आणि ज्याच्या घरी म्हातारं माणूस आहे त्यालाही फोन येतो. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीकडे भूकंपाचे धक्के बसू लागले, तेव्हाही हेच. रात्री भांडी वाजली की पहिली रिंग आईला. त्या रात्री 'हा क्रमांक सध्या सेवेत नाही' असं ऐकायला मिळालं, तर वाचवलेल्या पैशांचं काय करायचं?

शिवाय आता नंबर हा फक्त बोलण्यापुरता राहिलेला नाही. बँकेचा ओटीपी त्याच्यावर येतो, गॅसचा येतो, पेन्शनचा संदेश येतो, आधारला तो जोडलेला असतो. फार दिवस रिचार्ज नसलेला नंबर कंपनी बंद करते आणि काही काळानं तो दुसऱ्या कुणाला दिला जातो. मग आपल्या आईच्या खात्याचा संदेश परक्याच्या खिशात वाजू शकतो. नंबर जपणं हे आता घराची किल्ली जपण्यासारखं झालं आहे.

सुदैवानं अम्मीसारख्यांसाठी एक वाट निघाली आहे. २०२४ च्या डिसेंबरात ट्रायनं नियम बदलला. ज्यांना डेटा नको त्यांच्यासाठी फक्त बोलणं आणि एसएमएस यांचा वेगळा पॅक प्रत्येक कंपनीनं द्यायचा आणि अशा पॅकची मुदत ३६५ दिवसांपर्यंत ठेवता येईल. जानेवारी २०२५ मध्ये असे पॅक बाजारात आले. एअरटेलनं आधी १,९५९ चा आणला आणि त्याच महिन्यात उतरवून १,८४९ चा केला, वर्षभराचा, हवे तितके कॉल आणि ३,६०० एसएमएस. जिओचा १,७४८ चा होता, मुदत ३३६ दिवस. म्हणजे दिवसाला पाच-सव्वापाच रुपये. बोईसर नाक्यावर एवढ्यात कटिंग चहा मिळत नाही. भावानं आणि मी अर्धे अर्धे घालायचं ठरवलं. अम्मीला सांगितलं, 'पैसे वर्षाचे एकदम भरणार, परत मिळत नाहीत, आता बंद करून उपयोग नाही.' हे ऐकल्यावर ती गप्प बसली. वाया जाऊ द्यायचं नाही, हाही तिचाच शिरस्ता.

दुसरी अडचण मुलीची. ती म्हणाली, 'अब्बा, मला तुमच्या साठ्यात घेऊ नका. माझा नंबर माझ्या नावावर आणि माझ्या हातात राहू द्या.' तिचं म्हणणं असं. सामायिक प्लॅनमध्ये बिल मुख्य नंबरावर येतं. ते बिल थकलं, तर जोडलेले सगळेच नंबर अडकतात. तिचा नंबर विद्यापीठाच्या अर्जावर आहे, शिष्यवृत्तीच्या खात्यात आहे. उद्या नोकरीसाठी पुण्याला गेली, तर नंबर सोडवून घ्यायला घरच्यांच्या मागे लागावं लागेल.

मला तिचं पटलं. २०१९ ते २१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, आपल्या देशात स्वतः वापरते असा मोबाइल असलेल्या बायका सुमारे ५४ टक्केच आढळल्या होत्या. म्हणजे जवळजवळ निम्म्या बायकांना फोन मागून घ्यावा लागत होता. अशा देशात एखादी मुलगी स्वतःचा नंबर स्वतःकडे ठेवू म्हणते, तर त्यात हट्ट कसला? आणि हिशेबही तिच्या बाजूनं होता. तिला अडतीस जीबी लागतो आणि २८ दिवसांच्या पॅकमध्ये बेचाळीस मिळतो. तिच्या हातून फारसं वाया जात नाही. रोजचा शिधा तिला बरोबर पुरतो.

मग वही अशी झाली. मी, पत्नी आणि मुलगा एका साठ्यात. ४४९ अधिक ३००, म्हणजे ७४९, करासकट साधारण ८८४ रुपये, वर्षाचे १०,६०६. साठा ८५ जीबीचा, गरज ४१ ची. मुलगी प्रीपेडवर, वर्षाचे ३,८८७. अम्मी १,८४९. एकूण १६,३४२. सगळ्यांना एकच पॅक मारला असता तर १९,४३५ लागले असते. वर्षाला तीन हजारांवर वाचले. मुलीलाही साठ्यात घेतलं असतं तर आणखी १,७६३ रुपये वाचले असते, हेही वहीत लिहून ठेवलं आहे. तिच्या नंबराच्या स्वातंत्र्याचा तो वर्षाचा भाव. तो आम्ही समजून देतो.

पूर्वी घरातले सगळे एकाच कंपनीत असले की आपसात बोलणं फुकट, म्हणून लोक एका कंपनीला धरून राहत. आता कॉल सगळीकडेच अमर्याद आहेत, त्यामुळे तो मोह सोडायला हरकत नाही. आमच्या घरात तीन माणसं एका साठ्यात, बाकी दोघी आपापल्या जागी, आणि कुटुंब काही फुटलं नाही.

आता मुख्य नंबर कुणाचा? अन्नसुरक्षा कायदा २०१३ साली आला, त्यात रेशनकार्डासाठी घरातली ज्येष्ठ स्त्री ही कुटुंबप्रमुख मानली गेली. आम्ही तेच इथं चालवलं. मुख्य नंबर पत्नीचा ठेवला. घरातलं वीजबिल आणि किराण्याची उधारी तीच सांभाळते, तारखा तिला पाठ असतात. बिलाची तारीख मात्र पगारानंतरची मागून घेतली.

हे सगळं ज्यांच्या घरी महिन्याला ठराविक पगार येतो त्यांच्यासाठी झालं. आमच्या वसाहतीत असे हजारो आहेत, ज्यांचा पगार कंत्राटदाराच्या मर्जीवर येतो. त्यांनी पोस्टपेडच्या वाटेला जपूनच जावं. एक महिना पगार लांबला तर तीन फोन एकदम मुके होतात. पण प्रीपेडमध्ये त्यांना दुसरा फटका बसतो. २८ दिवसांचा २९९ चा पॅक दिवसाला दहा रुपये अडुसष्ट पैसे पडतो. तोच दीड जीबीचा पॅक ८४ दिवसांचा घेतला तर जुलै २०२४ च्या दरानं ७९९ रुपये, म्हणजे दिवसाला साडेनऊ. ज्याच्या हातात एकदम आठशे रुपये आहेत त्याला फोन स्वस्त पडतो, ज्याच्या हातात नाहीत त्याला महाग. गरिबी ही अशी खर्चिक गोष्ट आहे. चाळीतल्या भिशीत जसे पैसे फिरतात, तसं घरातल्या फोनांचं करता आलं तर पाहावं. या महिन्यात एकाचा लांब मुदतीचा, पुढच्या महिन्यात दुसऱ्याचा.

आमच्या शेजारी एका खोलीत सहा मुलं राहतात, सगळी परमुलखातली, तीन पाळ्यांत काम करणारी. त्यांच्यात एकाच्या फोनवर मोठा डेटा आहे, बाकीच्यांवर साधे पॅक. जो खोलीत असतो तो हॉटस्पॉट लावतो आणि बाकीचे घराकडची तोंडं बघतात. महिन्याअखेर वाटणी होते. कंपनीच्या व्याख्येत हे कुटुंब बसत नाही, पण सामायिक प्लॅन याहून वेगळा तो काय? त्यांना मी एवढंच सांगितलं, की हॉटस्पॉट वाटा, सिम वाटू नका. आपल्या नावावरचं सिम दुसऱ्याला दिलं आणि त्यावरून काही फसवणूक झाली, तर पोलीस आपल्याच दारात येतात. एका माणसाच्या नावावर नऊपेक्षा जास्त सिम चालत नाहीत आणि आपल्या नावावर किती आहेत हे सरकारच्या 'संचार साथी' या संकेतस्थळावर बघता येतं. ते एकदा जरूर बघावं. कधी कधी अनोळखी नंबरही तिथं आपल्या नावावर सापडतो.

निघण्यापूर्वी आणखी दोन-चार गोष्टी सांगतो. प्लॅन स्वस्त आहे म्हणून कंपनी निवडू नका, आधी रेंज बघा. बोईसरच्या बाजारात जे नेटवर्क धावतं ते चिंचणीच्या किनाऱ्यावर किंवा जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात धावेलच असं नाही. घरातलं प्रत्येक माणूस दिवसाचा बराच वेळ जिथं असतं, तिथं शेजाऱ्याचा फोन मागून एक कॉल लावून बघा. कंपनी बदलायची तर नंबर तोच ठेवता येतो. PORT हा शब्द इंग्रजीत, पुढे जागा सोडून आपला नंबर, असा एसएमएस १९०० वर पाठवला की एक कोड येतो, तो घेऊन नव्या कंपनीकडे जायचं. मात्र सध्याच्या कंपनीत नव्वद दिवस झालेले हवेत आणि पोस्टपेडचं बिल थकलेलं नको.

दुकानात गेलात की पाच प्रश्न विचारा. करासकट किती? साठा संपल्यावर पुढच्या जीबीला काय दर? उरलेला डेटा पुढच्या महिन्यात येतो का? जोडलेलं सिम कुणाच्या नावावर नोंदलं जाईल? आणि सोडायचं ठरलं तर सुटका कशी? उत्तरं तोंडी न घेता कंपनीच्या ॲपवर किंवा कागदावर दाखवायला सांगा. बिलात चूक आढळली तर कंपनीच्या तक्रार क्रमांकावर फोन करून तक्रारीचा नंबर लिहून घ्या. तिथं दाद लागली नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. भांडण करण्यापेक्षा तो एक नंबर वहीत असणं जास्त उपयोगाचं.

आणि शेवटची विनंती. आज दुपारी आपल्या नात्यातल्या, शेजारपाजारच्या एखाद्या वयस्कर माणसाचा नंबर लावून बघा. रिंग गेली तर चार शब्द बोला. नाहीच गेली, तर त्यांचा फोन बिघडला आहे असं समजू नका. बहुतेक वेळा कुणाच्या तरी पुस्तकांसाठी, कुणाच्या तरी डेटासाठी त्यांनी तो स्वतःच बंद ठेवलेला असतो. त्यांना न विचारता रिचार्ज करून टाका. दिवसाला पाच रुपये लागतात.